सोमवारचा निळा शर्ट

खुंटीवर दादाचा निळा शर्ट आहे. गटार साफ करायला उतरलेला दादा परत वर आलाच नाही, त्याला दोन वर्षं झाली. तरी दर सोमवारी मी त्या शर्टाला इस्त्री करते. हे फक्त वस्तीत समुपदेशनाला येणाऱ्या ताईंना ठाऊक होतं. "इथलं बोलणं या खोलीतच राहील," असं त्या म्हणाल्या होत्या.

काल समाजमंदिरात सभा झाली. गटारात गेलेल्यांना न्याय मिळावा म्हणून ताई माइकवर कळकळीने बोलल्या. मग म्हणाल्या, "इथलीच एक मंदा दर सोमवारी गेलेल्या भावाच्या शर्टाला इस्त्री करते." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. असा भाऊ गेलेली वस्तीत मी एकटीच. नंतर ताई हळूच म्हणाल्या, "नाव बदललं होतं हं मी."

न्याय मलाही हवाच आहे. पण सभेला रडवायला काहीतरी लागतं, आणि ते त्यांनी माझ्या खुंटीवरून उचलून नेलं.

आज सोमवार. इस्त्री तापली, मी खिडकी लावून घेतली, तरी हात शर्टाकडे जाईना. ताईंनी नुसतं विचारलं असतं, तर माइक मीच हातात घेतला असता.