पत्र्यापलीकडची मुन्नी

निघालो आमी तिघं, मी, माझा मुलगा काशिनाथ आनि पोटुशी सून वनिता; जीपजवळ सोडाया माझी सासू आनि दीर सोमा आले. नवरा आधीच वारलेला. सासूनं नागलीची भाकर फडक्यात बांधून दिली. सोमा बोलला, "वयनी, बोईसरला जाऊन धूर खानार?" मी बोलली, "तुझ्या बिडीतून काय दूध निघतं?" जीपमदले सगळे हसले.

पाड्यावर घर कुडाचं, दारातून डोंगर दिसायचा. बोईसरला पत्र्याची खोली, दारातून दुसऱ्याचं दार. बाजूला यूपीची मुन्नी. काशिनाथ कंपनीत लागला आनि मना खोकला लागला. सगळे बोलले, धूर हाय. मंग ताप आला, अंग वाळलं. वस्तीत घरोघर औषधं देनाऱ्या आशाताईनं सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. टीबी निघाला. गोळ्यांनी बरा होतो बोलली, पन घराबाहेर मी कोनाला सांगितलं नाय. मालकानं खोलीतून काढलं तर दिवस भरलेल्या सुनेला कुठं नेनार?

गोळी चालू केली आनि सकाळी संडासात बघते तर लघवी लाल. मना वाटलं, रक्त जातंय, संपलं आता. खोलीच्या पायरीवर येऊन बसली. मुन्नी बादली घेऊन आली. "क्या हुआ काकी?" माझं हिंदी तवा बाजारापुरतं, खोटं बोलन्याएवढं नव्हतं. सांगून टाकलं, लाल पानी.

ती बादली ठेवून हसत सुटली. "अरे काकी, वो तो गोली का रंग है. मेरा भी..." आनि तोंडावर हात ठेवला.

तवा कळलं. मधे एक पत्रा, आनि दोन्हीकडं आमी तोंडात पदर कोंबून खोकत होतो. मना पन हसू आलं. हसता हसता दोघींना खोकला. आतून तिचा नवरा बोलला, "सुबह सुबह क्या खा लिया दोनों ने?"

"गोली," मुन्नी बोलली.

मंग तिच्या उंबऱ्यावर संगंच गोळी घ्यायचो. मळमळायचं, सांधे दुखायचे. एक कंटाळली की दुसरी शिव्या द्यायची. मालकाला मुन्नीनंच सांगितलं, दोघींचं. तो बोलला, "खिडक्या उघड्या ठेवा."

नात झाली ती मी तोंडाला फडकं बांधून लांबूनच बघितली. गोळ्या संपल्या, थुंकी साफ निघाली, तवा मांडीवर घेतली. मुन्नीनं शेवया केल्या.

सनाला आमी पाड्यावर जातो. डोंगर बघून पोट भरतं. पन चार दिवसांत बोईसरची ओढ लागते. मी नसली तर मुन्नी भांडनार कोनाशी?

तुमी वाचनारे, एवढं करा. बाजूच्या खोलीत कोनी बरेच दिवस खोकत असंल तर दार वाजवा. त्याच्यासंगं दवाखान्यात जा.