फडातला बार

माणगावचा तो कुस्त्यांचा फड आठवला की अजूनही डोकं गरगरतं. चाकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इतक्या डोळ्यांदेखत घडलेली आणि इतकी न समजणारी गोष्ट दुसरी पाहिली नाही.

तिसाच्या सालानंतरची हकीकत. इंग्रजी अमदानी होती आणि मी माणगावला फौजदार होतो. उन्हाळ्यात नदीकाठच्या शेतात फड भरला. शेवटची जोड माणगावचा पैलवान आणि किनाऱ्यावरचा एक कोळी पैलवान यांची. त्यामुळे पार आगरदांड्यापासून माणसं मचव्यांनी, गाड्यांनी, पायी लोटली. कनातीच्या आत माणसावर माणूस, त्यातच एक सोडावाला. बाहेर भज्यांच्या कढया, चणे-शेंगदाणे, उसाचा रस आणि आडोशाला ताडी. खायला म्हणून उठलेला माणूस पुन्हा जागेवर पोचेल याची खात्री नव्हती. पोचलाच तर भजी चेंगरून हातात नुसतं तेल उरायचं.

मी आखाड्याकडे पाठ करून उभा होतो. बंदोबस्तावरच्या पोलिसाला कुस्ती दिसत नाही, माणसांचे चेहरे दिसतात.

शेवटच्या कुस्तीला एकदम आरोळी उठली. टोप्या, पागोटी हवेत उडाली आणि त्याच कल्लोळात धाडकन बार झाला. पुढच्या रांगेतला माणगावचा एक कापड दुकानदार मान धरून खाली बसला. बोटांतून रक्त वाहत होतं.

“गोळी! गोळी घातली!” कोण ओरडलं ते कळलं नाही. पण मग सगळेच ओरडू लागले. कनात पडली, कढया उलथल्या. आम्ही दुकानदाराला दवाखान्यात धाडलं, तोवर भजीवाल्याजवळ लोकांनी एकाला धरून बडवायला सुरुवात केली होती. तो किनाऱ्यावरचा कोळी, आगबोटीवर खलाशी होता. सकाळी जागेवरून त्याचं आणि दुकानदाराचं वाजलं होतं. “मासळीचा वास येतो, मागं सरक,” असं दुकानदार म्हणाला होता आणि खलाशी त्याच्या अंगावर धावून गेला होता. हे बऱ्याच जणांनी पाहिलं होतं.

त्याला सोडवून मी कोठडीत घातलं. तेवढ्यात आमचा नेहमीचा खबऱ्या ठाण्याच्या मागच्या दारानं आला.

“साहेब, हा खलाशी परमुलखातनं पिस्तूल घेऊन आलाय.”

“तू पाहिलंस?”

“मी न्हाय. पर समद्यांना ठावं हाय.”

जबान्या घ्यायला बसलो. एकानं डाव्या हातात पिस्तूल पाहिलं होतं. दुसऱ्यानं धोतराखालून लांब बंदूक निघताना पाहिली होती. एक मास्तर तीन बार झाले म्हणून शपथ घ्यायला तयार होते. हे शहाणेसुरते लोक होते. कोणी पढवलेले नव्हते. जमादार लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, “साहेब, एवढी हत्यारं होती तर दुकानदार एकटाच कसा पडला?”

झडतीत खलाशाच्या गाठोड्यात एक चादर आणि थोडे सुके बोंबील निघाले. मैदानावर ना हत्यार, ना काडतूस. बाहेर माणगावची पोरं काठ्या घेऊन उभी होती. नदीच्या पलीकडे कोळी मंडळी आपला माणूस घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हती. दवाखान्यातून निरोप आला की जखमीला बोलता येत नाही आणि त्याची शाश्वती नाही. तो गेला असता तर एक खून दाखल करून भागलं नसतं.

मी खलाशाला समोर बसवलं.

“बार झाला तेव्हा कुठं होतास?”

“कुस्ती बगत हुतो.”

“शेवटपर्यंत?”

“व्हय. ह्या डोळ्यांनी.”

“मग सांग, काय झालं?”

तो खाली बघत म्हणाला, “आमचा पडला.”

जमादारानं टाक खाली ठेवला. मीही चकित झालो. कारण आखाड्याकडे पाठ असूनही एवढं मला ठाऊक होतं की कोळी पैलवान जिंकला होता.

“अरे, तुमचा पैलवान जिंकला!”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हा आता माझ्या अंगावर येणार. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हुंदके देऊ लागला. थोडा शांत झाल्यावर म्हणाला, “माणगाववाला त्याच्या पाटीवर बसला हुता, साहेब. मान दाबीत हुता. मला बगवंना. म्हनून भुकेचं निमित करून उठलो. गावानं मला बगायला धाडला. त्यांना काय सांगू, भजी खात हुतो म्हनून?”

पिस्तुलाचं कोडं मात्र तसंच राहिलं. बार झाला होता, माणूस रक्तात पडला होता, आणि मारणारा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. रक्त थांबवून त्यांनी जखम उघडली होती आणि जखमीच्या जिवाचा धोका टळला होता. बशीत हिरवट काचेचा जाड तुकडा होता.

“फौजदारसाहेब, अशी गोळी कुठल्या बंदुकीत घालतात?”

मी तडक सोडावाल्याकडे गेलो. गोटीच्या सोडा-बाटल्यांची खोकी त्यानं पुढच्या रांगेला लागून भर उन्हात ठेवली होती. उन्हानं तापली की ही बाटली कधीकधी आपोआप फुटते, बंदुकीसारखी.

“काल बाटली फुटली?”

“फुटली की.”

“मग बोलला का नाहीस?”

“गोळीबाराच्या गोंधळात माझ्या बाटलीचं कोण इचारतंय, साहेब?”

पंचनामा केला, फुटक्या काचा जप्त केल्या. डॉक्टरांचा तुकडा त्या काचांशी जुळला. खलाशाला सोडून दिलं. तो घरी जाईल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, “साहेब, आमचा उठला कसा, तेवढं सांगा.”

मला ते ठाऊक नव्हतं. शिपायांना विचारलं, तर एक म्हणाला ढाक, दुसरा म्हणाला धोबीपछाड, आणि दोघांची जुंपली. अखेर खलाशी दवाखान्यात गेला. काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेलो.

दुकानदार पट्टी बांधून बसला होता. खलाशाला पाहून तो अवघडला. खलाशानं वासाचा विषय काढला नाही. नुसतं विचारलं, “शेट, तुमी पुढंच हुता. कसा टाकला वो?”

दुकानदाराला बोलता येत नव्हतं. त्यानं जरा विचार केला, खलाशाला जवळ ओढलं, त्याचा हात आपल्या खांद्यावरून घेतला आणि कमरेत वाकून डाव दाखवू लागला. पडलेला पैलवान त्याच्याच गावचा होता, तरी त्यानं एकही पकड सोडली नाही. डॉक्टर ओरडत आले तेव्हा खलाशी खाटेवर अर्धा आडवा झाला होता आणि दोघंही हसत होते.

या प्रकरणानं मला साक्षीदार ओळखायला शिकवलं. पिस्तूल पाहिलेले ते सगळे मनापासून बोलत होते. कानांनी ऐकलेलं त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं. जाणूनबुजून खोटं बोलला तो खलाशी एकटा, आणि निर्दोष होता तोच.