बिनरंगाची ठकी

आत्याला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेली की जीभ अडखळायची आणि समोरचाच हसायला लागायचा. सख्ख्या भाच्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. नवरा गेल्यावर धाकट्या दिराबरोबर तिने मेंढ्या सांभाळल्या, अडलेली कोकरं स्वतःच्या हातांनी सोडवली. कोणी मेंढीचा भाव पाडून मागितला, की "देव बघतोय हो" एवढंच म्हणायची, आणि समोरचा गप्प व्हायचा. अशा बाईने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंशी लबाडी केली, ती एका मेंढीपायी.

मेंढीचं नाव ठकी. आईने जवळ घेतलं नाही म्हणून आत्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, त्यामुळे ती स्वतःला मेंढी समजतच नसे, घरातली थोरली सून समजे. गेल्या वर्षापासून कळपाला पोटातल्या जंतांनी पोखरलं होतं. औषध पाजूनही कोकरं वाळत आणि मरत. नेहमीचं औषध जंतांच्या अंगवळणी पडलंय की काय, हे बघायला डॉक्टरीणबाई येणार होत्या. कळपाचे तीन भाग करायचे. एकाला जुनं औषध, एकाला नवं, तिसऱ्याला काहीच नाही. नंतर सगळ्यांच्या लेंड्या तपासून जंतांची अंडी मोजायची. ज्याने अंडी घटतील ते औषध खरं. फार आजारी मेंढी मात्र यात घ्यायची नाही. तशी कोणी आहे का, असं बाईंनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं. आत्या नाही म्हणाली. एकच शब्द, तोही फोनवर, तोंड न दिसता, म्हणून जमलं.

कारण सगळ्या बोलण्यातून तिने एकच धरलं होतं. नवं औषध चाचणीतच मिळणार. जी बाहेर राहिली, ती राहिली.

आणि ठकीचं तर रक्त आटलं होतं. दिवसभर मान खाली घालून चरली, की संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची. मान वर राहिली की ती सूज ओसरते, हे आत्याला ठाऊक. फोन आला त्या दिवशी तिने ठकीला चरायला सोडलंच नाही. पेंढी तुळईला टांगून उंचावरून चारली. सकाळी जबडा साफ. पापणी मात्र आतून कागदासारखी पांढरी. बाईंबरोबर आलेला कंपाउंडर एकेकीची पापणी उलटून बघत जवळ येऊ लागला, तशी आत्याने ठकीचे डोळे रुमालाने खसाखसा चोळले. तो घाईतच होता. लाली बघून पुढे सरकला. आत्याने मनात देवाची माफी मागितली, आणि त्याच दमात आभारही मानले.

मग कानातल्या बिल्ल्यांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यातून काढले. जुन्या औषधाच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळा फराटा, नव्याच्या पाठीवर हिरवा. तिसऱ्यांना रंगच नाही.

ठकीची चिठ्ठी तिसऱ्या भागात निघाली.

पाजणं सुरू झालं होतं. डॉक्टरीणबाई वजन बघून पिचकारी भरत, कंपाउंडर जबडा धरून ती जिभेच्या मागे रिकामी करी, आणि हिरव्या पाठींची रांग पुढे सरके. हिरव्या रंगाची कांडी कुंपणावर पडली होती. दीर सगळं ओळखून होता. तो कानाशी आला. "वहिनी, मारा एक फराटा आणि ढकला हिरव्यांत. मेंढ्या काय साक्ष देणार आहेत?"

आत्याने कांडी उचलली. दुसरा हात ठकीच्या लोकरीत होता. खाली फासळ्या लागत होत्या. फराटा मारला तर ठकी तरेल. पण न पाजलेल्यांच्या हिशोबात पाजलेली मेंढी शिरेल, मोजणी खोटी पडेल, आणि त्या खोट्या मोजणीवर उद्या अख्ख्या कळपाला पाण्यासारखं निकामी औषध पाजत बसायची वेळ यायची. मेलेली कोकरं तिनेच पुरली होती. रांगेत आता थोड्याच मेंढ्या उरल्या.

"उरका," दीर पुटपुटला. "देव काय आज फक्त आपल्याकडेच बघत बसलाय?"

"बाई, थांबा," आत्या म्हणाली. "हिचे डोळे मी चोळलेत."

डॉक्टरीणबाईंनी पिचकारी खाली ठेवली. ठकीची पापणी उलटून बघितली, पुन्हा बघितली. आत्याने टांगलेल्या पेंढीपर्यंत सगळं सांगून टाकलं. कंपाउंडरचा चेहरा उतरला. दिराला एकाएकी कुंपणाचा दोर आवळायचं काम आठवलं.

बाईंचा आवाज चढला नाही. "इतकी आजारी मेंढी मी बिनऔषधाची ठेवली असती का? काल फोनवर सांगितलं असतंत, तर कालच पाजायला आले असते. तुम्हीच तिचा एक दिवस खाल्लात, आत्या."

ठकीचा आकडा खोडला गेला. तिला तिथल्या तिथे नवं औषध पाजलं, ताकदीचं इंजेक्शनही दिलं. जंत पडले असतील, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठकी बसली ती उठली नाही. खड्डा दिरानेच खणला. मनाने तो वाईट नव्हता. माती लोटून झाल्यावर एवढंच म्हणाला, बोलून काय मिळवलंत? आत्याने देवाशी अबोला धरला, तो दोन दिवस टिकला. मग सवयीने हात जोडले गेले.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई फेरी मारायला आल्या. बिनरंगाच्या मेंढ्यांत एक कानतुटी होती, येताजाता ढुशा मारणारी, कोणाच्याच जिव्हाळ्याची नव्हे. कंपाउंडर पोचायच्या आत आत्याने तिलाच गुडघ्यांत धरलं होतं.

"आणखी एक काढलीत तर मोजायला राहणार काय?" दीर दबक्या आवाजात म्हणाला. "सगळी चाचणी पाण्यात जाईल, वहिनी. ही अजून चरतेय की."

"ठकीपण चरत होती, भावजी."

आत्याने अंगठ्याने पापणी उलटली आणि मेंढीचं तोंड उजेडाकडे फिरवलं. डॉक्टरीणबाई वाकल्या. पापणी आतून पांढरीफटक होती. मग मागे न बघता त्यांनी पिचकारीसाठी हात पुढे केला.