बांगड्या सांभाळणारी पोरगी

बायांनो, आज भात झोडायचं टाकून मी ओरोसला गेले, लेकीच्या कॉलेजची बास्केटबॉलची मॅच बघायला.

लेक म्हणत होती, "आये, येव नको. माका खेळाक घेणत नाय." तरी गेले. बघते तर पाच जणी खेळतायत आणि ही बाकावर, सगळ्यांची कानातली रुमालात बांधून बसलेली.

मला माझी शाळा आठवली. शाळेत मी खो-खोच्या संघात होते, पण नावाला. खेळणाऱ्या मुली बांगड्या काढून माझ्याकडे द्यायच्या. वर्षभर त्या लाल-हिरव्या बांगड्या ओच्यात घेऊन मी मैदानाच्या कडेला बसले. सातवीत शाळा सुटली, खेळायचं राहूनच गेलं. त्या बांगड्यांची किणकिण अजून कानात आहे.

आज मात्र त्यांच्या मॅडमनी मध्येच दमलेल्या मुली बाहेर घेतल्या आणि बाकावरच्या उठवल्या. माझी लेक उठली, पण रुमाल कुणाकडे देऊ म्हणून तशीच उभी. तेवढ्यात त्यांची सगळ्यात भारी खेळणारी मुलगी घामाघूम होऊन बाहेर आली नि म्हणाली, "दी तो रुमाल, मी धरतंय. तू जा गो बाय!"

लेकीने एकही बास्केट टाकली नाही. दोनदा बॉल हातातून सुटला. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

आता खरं सांगा, शाळेत तुम्ही खेळायचात तेव्हा तुमच्या बांगड्या कोण धरायची? नाव तरी आठवतं का तिचं?