कीबोर्डवरचा तारपा

बा आमच्या साखरशेत गावात तारपा वाजवायचा. भोपळ्याच्या त्या वाद्यात तो नाचणारे थकेपर्यंत फुंकत राही आणि सूर कुठे तुटत नसे. मग त्याची छाती गेली. दोन फुंकरी मारल्या की खोकला यायचा.

मी तेव्हा जव्हारला मास्तर होतो. नाशिकहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायची खटपट करायचो. बासाठीही एक लिहिला. आकड्यांची बटणं दाबली की तारप्याचे सूर वाजायचे, फुंकायला नको. थंडीत त्याने बोट लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा मधीच थांबतो. तारपा थांबत नाय."

मला राग आला, पण म्हातारा खरं बोलत होता. दोन सुरांमध्ये बारीकसा खंड पडत होता. तो काढण्यात माझे कित्येक महिने गेले. शेवटी दुसरं बटण दाबेपर्यंत पहिला सूर चालूच राहील असं जमवलं. तोवर शेतात भात उभा होता, आणि नवं धान घरात येईपर्यंत आमच्यात तारपा वाजवत नाहीत.

"हा कुठे तारपा आहे? मशीन आहे," मी म्हटलं.

"मग वाजवू कशाला?" तो म्हणाला.

भात कापणीच्या आधीच तो गेला.

नवं धान घरात आल्यावर आय जव्हारला आली. म्हणाली, "त्याचा तारपा लाव." मी एक बटण दाबलं. सूर निघाला आणि चालूच राहिला. आय खाली बघत ऐकत होती.

"थांबव आता," ती म्हणाली. "त्याला दम लागंल."

थांबवायचं बटण मी ठेवलंच नव्हतं.