अंगठे धरायला लावणाऱ्या वन्सं

वन्संच्या तावडीत सापडलेला माणूस पायाचे अंगठे धरल्याशिवाय सुटला, असं रायगड जिल्ह्यात तरी आजवर घडलेलं नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. श्रीवर्धनकडे शाळेत खेळाच्या बाई होत्या, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी नुसती उभी दिसले की लगेच म्हणणार, एक पाय ओट्यावर टाक. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या एका सद्गृहस्थांनी सहज कंबर दुखते म्हटलं, तर चहा होईपर्यंत त्यांना पडवीत पालथं पाडून ठेवलं होतं. बिचारे पत्रिका न देताच गेले. तरुणपणी कबड्डी खेळताना वन्संच्या मांडीचा स्नायू फाटला होता. तेव्हापासून स्नायू आधी ताणून ताणून नरम केल्याशिवाय कामाला लावायचा नाही, हा त्यांचा धर्म झाला.

ह्या धर्मात खऱ्या भरडल्या गेल्या त्या आमच्या थळजवळच्या गावातल्या बारा-चौदा पोरी. वन्सं त्यांना फुटबॉल शिकवतात आणि त्यांच्यातच माझी लेक चिऊ. गावाला मैदान नाही, म्हणून ओहोटीची ओली वाळू हेच मैदान आणि सरावाची वेळ तिथीवर. पौर्णिमेला संध्याकाळी, अष्टमीला भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन घेऊन. बरं, पोचल्यावर तरी खेळ सुरू होईल? नाव नको. आधी पोरींनी वाकून अंगठे धरायचे आणि वन्संनी तीसपर्यंत मोजायचं. पंधरावर आल्या की बोंबील वाळत घालून परतणारी कुणीतरी बाई दिसते, तिच्या सुनेच्या बाळंतपणाची साग्रसंगीत चौकशी होते, आणि आकडा विसरला म्हणून मोजणी पुन्हा एकपासून. पोरी आपल्या तशाच वाकलेल्या. उठतात तेव्हा तोंडं लाल आणि पाय जडशीळ.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या वर्षी अलिबागला जिल्हा संघाची निवड होती, आणि गावात कुणाला हाती न लागणारी माझी चिऊ तिथे प्रत्येक चेंडूवर दुसरी पोचली. घरी येऊन दोन दिवस धड जेवली नाही. तिथल्या एका तरुण प्रशिक्षक बाईंनी तिला सांगितलं होतं, की सामन्याआधी इतका वेळ ताण धरून ठेवलात तर पाय सुस्तावतात. त्याऐवजी गुडघे उंच घेत पळा, पाय झुलवा, लांब ढांगा टाका. धरून ठेवायचा ताण खेळ झाल्यावर. वन्संनी हे ऐकून नाक मुरडलं आणि पोरींना वर्षभर आणखी जास्त वाकवलं. ह्या वर्षीची निवड महिन्यावर आली तेव्हा मी सगळी भीड सोडली.

"वन्सं, पुढच्या वर्षी तिचं वय उलटतंय. ही शेवटची संधी. तुमचे ते अंगठे आता बंद करा."

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. वन्संनी पोरींना नेहमीसारखं वाकवून ठेवलं आणि मग एकेकीला लांब उडी मारायला लावून, जिथवर टाच पडली तिथवर सुतळी धरून गाठ मारली. मला वाटलं, चला, उद्या दुसरी रीत करून बघतील. छे! उद्या वाळू वेगळी ओली असणार, मग मोजणी खरी कशी मानायची? पुढच्या अष्टमीपर्यंत थांबायचं. निवड तोंडावर आलेली आणि ही बाई सुतळ्या खुंटीला टांगून पंधरा दिवस तिथीची वाट बघत बसलेली. मी भांडी आपटली, चिऊ रडली, वन्सं ढिम्म. अखेर ती अष्टमी उजाडली, पोरी पळत, ढांगा टाकत गरम झाल्या आणि उड्या मारल्या. बहुतेक सगळ्या आपापल्या गाठीच्या पुढे पडल्या, चिऊ तर चांगली वीतभर. वन्संनी त्या दिवसापासून खेळाआधी कुणाला वाकवलं नाही.

अलिबागला चिऊ पहिल्या चेंडूवर पहिली पोचली, दुसऱ्याही चेंडूवर, आणि संध्याकाळी यादीत तिचं नाव लागलं. परतताना ती पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून त्याला सगळा खेळ सांगत होती. मागे वन्सं आणि मी. 'सांगत होते की नाही' हे वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं होतं, ते आता काढणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "श्रीवर्धनला माझ्याकडं एक पोर होती. चिऊपेक्षा पळायची. तीन वर्षं निवडीला नेली, तिन्ही वर्षं उशिरा पोचली. मग खेळच सोडलान तिनं."

मी ते वाक्य गिळून टाकलं. वन्संनी पिशवीतून फोन काढला, नंबर शोधला आणि लावला. आधी तिकडच्या मुलाबाळांची विचारपूस झाली.

"तू हळू न्हवतीस गं," त्या म्हणाल्या. "मीच तुला हळू केलं."

तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी बाहेर बघत बसले, कारण वन्संना रडताना बघायची मला सवय नाही.