भासऱ्यांचं नाक

आमचे भासरे बंद पडलेल्या गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घेत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. बॉनेट उघडायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि देवळात वाकतात तसं वाकून नाक आत घालायचं. मग म्हणायचे, "तेलाचं दुखणं नाही हे. वायर जळून राह्यली कुठंतरी." आणि शोधलं की कुठेतरी रबर वितळून तांब्याची तार उघडी पडलेली सापडायचीच. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आता अडवणारं कोणी उरलं नाही म्हणा, पण जन्मभर जे तोंडाने घेतलं नाही ते म्हातारपणी काय घ्यायचं?

आमचं घर माळ्याचं. नांदगाव पेठेजवळ मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने मोगरा, शेवंती. भासऱ्यांनी एका वकिलाची म्हातारी मोटार घेतली, तिची मागची बैठक कापली आणि सुताराकडून फळ्यांची पेटी बसवून घेतली. त्या पेटीत भाजीची गाठोडी आणि गाठोड्यांवर आम्ही बाया बसून अमरावतीच्या बाजाराला जायचो. गाडी कसली, रुसकी सून! चार दिवस धड चालली की पाचव्या दिवशी रस्त्यात बसलीच. त्यात लढाईचे दिवस, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि तेही भेसळीचं. भासरे डबा नाकाशी नेऊन किती घासलेट मिसळलंय ते सांगायचे, म्हणून तिवशापासूनचे गाडीवाले त्यांना बोलावून नेत. या नाकाचा त्यांना भारी गर्व होता. वरणात हिंग कमी पडला तरी ओसरीवरून भिंतीला सांगायचे, "घरात म्हणा, हिंग संपला असंन तर आणून देतो."

भिंतीलाच सांगायचे, कारण माझ्याशी बोलायची सोय नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, सावलीसुद्धा ओलांडायची नाही. ते खाकरले की मी पदर ओढून दाराआड. बायको लवकर गेल्यामुळे त्यांचं ताट मीच वाढायची, पण ते सासूबाईंच्या हातून जायचं. एका छपराखाली इतकी वर्षं राहून मी त्यांचे डोळे कधी पाहिले नव्हते.

एकदा गाडी चालू करायला पुढून हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि भासरे मागे पडले. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. पंधरवडा अंथरुणात काढून उठले, पुन्हा गाडी हाकू लागले, सगळं पहिल्यासारखं दिसलं. पण हिंगाची तक्रार थांबली. एकदा दूध पार करपलं. मला टाकून द्यायचं होतं, तेवढ्यात सासूबाईंनी पेला भरून बाहेर नेला, आणि भासरे तो मुकाट्याने प्यायले. मी दाराच्या फटीतून बघत होते. या माणसाचं नाक गेलंय, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "गरीब झाला आता, नखरे सोडले त्यानं."

गाडीचं दुखणं शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. "पहिले ठिणगी, मंग तेल. दोन्ही संगंच पाह्यलं का दोन्ही हातचं जाते." ठिणगी पाहायची म्हणजे पलग, ठिणगीचा प्लग, काढायचा, वायर लावूनच तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचा आणि दुसऱ्याला हँडल मारायला सांगायचं. निळी ठिणगी उडाली की विजेचा भाग ठीक, मग पेट्रोलच्या नळीकडे वळायचं. रीत चांगलीच होती. पण पेट्रोल आधीच गळत असेल तर? तेवढ्यासाठी आधी वास घ्यायचा. भासरे वाकून नाक अजूनही आत घालत होते, पण ते नुसतं सवयीने.

शेवंतीचे दिवस होते. बाजाराला जाताना गाडी रस्त्यात फुरफुरली आणि बंद पडली. आम्ही बाया खाली उतरून बाभळीखाली उभ्या राहिलो. भासऱ्यांनी नाक घातलं, मान हलवली, पलग काढला. आमचे हे हँडल धरून समोर उभे. तेवढ्यात वाऱ्याबरोबर पेट्रोलचा भपकारा आला. मी सासूबाईंना हळूच म्हटलं. त्या म्हणाल्या, "त्याले समजत नाही का? त्याचं नाक हाये तिथंच." आणि मला ते करपलेलं दूध आठवलं. मी धावले. भासऱ्यांचं मनगट धरून पलगासकट मागे ओढलं आणि ओरडले, "हात काढा! पेट्रोल गळून राह्यलं!"

हा मी त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. पदर कुठल्या कुठे गेला होता. भासऱ्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग खाली वाकून नळीखाली हात घातला. बोटं ओली झाली. ती त्यांनी नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली, बराच वेळ. मग त्यांनी फुटक्या नळीवर साबण दाबला, वर चिंधी गुंडाळली आणि कोणाकडेही न बघता मला म्हणाले, "पाह्य माय, आता येते का वास?"

घरी गेल्यावर माझा उद्धार झाला. भासऱ्याचा हात धरला, तोही भर रस्त्यात! सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पण भासऱ्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यानंतर गाडी बिघडली की मला अंगणात हाक यायची. मी वाकून वास घ्यायची, ते मागे उभे राहून विचारायचे. जळक्या रबराचा वास आला तर वायर, आंबूस झोंबला तर बॅटरी, गोडसर भपकारा आला तर नळी नाहीतर काबरेटर. सगळं त्यांनीच शिकवलं. कधी मधेच विचारायचे, "मोगऱ्याले वास हाये का यंदा?" खरं सांगते, त्या घरातले माझे तेच बरे दिवस. पण बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. नाक गेलेल्या मेकॅनिकला कोण गाडी दाखवेल, म्हणाले. मी बरोबर नसले तर काय, याची मला धास्ती वाटायची.

दसऱ्याच्या तोंडावर अकोल्याच्या जुन्या शहरातून सासूबाईंच्या भाच्याचा निरोप आला. गाडी बंद, फुलं सडून चालली, दादाले पाठवा. मी सासूबाईंसमोरच भासऱ्यांना म्हटलं की एकटं जाऊ नका, मला घेऊन चला. सासूबाई कडाडल्या, "परक्याच्या दारात धाकट्याची बायको मिरवते का?" भासरे खाली बघत मला म्हणाले, "तिथं कोणालेई विचारीन, माय. नाक सगळ्याईले असते." मला तेव्हाच कळलं होतं, ते कोणाला विचारायचे नाहीत. त्या भाच्यासमोर तर नाहीच नाही. आणि नाहीच विचारलं.

भासरे भाजल्याचा निरोप आला तशा सासूबाई आणि आमचे हे अकोल्याला धावले, आणि तिसऱ्या दिवशी हे मला न्यायला आले. सासूबाईंनी स्वतः निरोप दिला होता, त्याले तू पाह्यजे म्हणते. अकोल्याच्या दवाखान्यात भासरे पट्ट्यांत गुंडाळलेले होते, डोळे तेवढे उघडे. सासूबाई उठून बाहेर गेल्या. मी पदर घेतला नाही. कोणाला दाखवायला घ्यायचा? मला राग आला होता. सासूबाईंचा राग, त्या भाच्याचा राग, आणि सगळ्यांत जास्त या माणसाचा. विचारायला काय झालं होतं तुम्हाला, असं ओठांवर आलं होतं.

"माय," ते म्हणाले, "आग कशानं लागली, मले कोणी सांगून नाही राह्यलं. त्या गाठोड्यात माहा खांद्यावरचा दुपट्टा हाये. वास घे."

गच्च बांधलेलं गाठोडं मी सोडलं. दुपट्टा एका बाजूने जळला होता, दुसऱ्या टोकाला हात पुसल्याचे काळे डाग होते. मी तो नाकाशी नेला. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण दुखणं शोधताना खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"पेट्रोल आहे," मी म्हटलं.

"म्हंजे गळतच होती." ते म्हणाले. "हात ओला झाला होता, पुसला म्या. मले वाटलं पाणी हाये."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडू लागले. त्यांनी पट्टीतला हात जरासा उचलला.

"ठिणगी चांगली होती पण, माय. निळी होती."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. पहाटे गेले.